आयरिस कधी फुलणार? तारखा आणि वसंतातलं हवामान टिपण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी न्यू जर्सीच्या उत्तर भागात राहते. घरामागच्या उतारावर आयरिसचे वाफे आहेत आणि २०११ पासून त्यांची वही आहे. दर एप्रिलमध्ये मंडळातल्या मैत्रिणींचे फोन सुरू होतात. "या वर्षी कधी येऊ बघायला?" हा पहिला प्रश्न आणि "तू हे सगळं लिहून कसं ठेवतेस?" हा दुसरा. त्या फोनांवर दिलेली उत्तरं इथे एकत्र केली आहेत. तापमान सगळीकडे फॅरनहाइटमध्ये आहे, कारण इथले थर्मामीटर तेच दाखवतात. ३२ अंशांना पाणी गोठतं एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

आयरिस म्हणजे नेमकं कोणतं फूल?

तीन पाकळ्या वर उभ्या, घुमटासारख्या एकमेकींकडे झुकलेल्या, आणि तीन खाली लोंबणाऱ्या. बागांमधल्या बहुतेक जातींत खालच्या पाकळीच्या देठाशी केसाळ पट्टा असतो, त्याला दाढी म्हणतात. पानं तलवारीसारखी आणि पंख्यासारखी मांडलेली. मुळाशी हळदीच्या गड्ड्यासारखा आडवा, जाड कंद. जगभरात आयरिसच्या सुमारे ३०० जाती आहेत. नाव आलंय ग्रीक पुराणांतल्या इंद्रधनुष्याच्या देवतेवरून.

आपल्याकडच्यांना मी एक ओळख सांगते. लहानपणी घुटीत उगाळलेलं वेखंड आठवतं ना? वेखंडाची हिरवी पात पाहिली असेल तर आयरिसची पात परकी वाटणार नाही. पाणथळ जागी वाढणाऱ्या पिवळ्या आयरिसचं शास्त्रीय नावच 'स्यूडॅकोरस', म्हणजे 'वेखंडाचा तोतया'! कूळ मात्र वेगळं, म्हणून वेखंड समजून कंद तोंडात घालू नका, तो विषारी असतो. आणि ती पिवळी जात अमेरिकेत ओढ्याकाठी बेसुमार पसरते, तेव्हा कुणी हौसेने देऊ केली तरी घेऊ नका.

सगळी आयरिस एकाच वेळी फुलतात का?

नाही, आणि नोंदवहीची खरी गोडी यातच आहे. नीट निवड केली तर माझ्यासारख्या ठिकाणी मार्चपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत काही ना काही फुलत राहतं.

सर्वांत आधी येते रेटिक्युलाटा. ही छोट्या कांद्यापासून उगवते, उंची जेमतेम वीतभर, आणि थंडी सरायच्या आत जांभळं-निळं फूल घेऊन हजर. कधी कधी अवतीभवती बर्फ असतो. 'हार्मनी' आणि 'जॉर्ज' या माझ्याकडच्या दोन, फिकट निळी-पिवळी 'कॅथरीन हॉजकिन' शेजारणीकडे आहे. त्यांची पात फूल येताना आखूड असते आणि फूल गेल्यावर वाढत जाते. ती कापू नका, पुढच्या वर्षीचं अन्न त्या पातीतूनच कांद्यात जातं.

मग दाढीवाल्यांची रांग लागते, आणि ती साधारण उंचीप्रमाणे लागते. ८ इंचांपर्यंतच्या अगदी बुटक्या एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. ८ ते १६ इंचांच्या बुटक्या एप्रिल संपताना. १६ ते साडेसत्तावीस इंचांच्या मधल्या मेच्या पहिल्या पंधरवड्यात. त्याहून उंच, म्हणजे चित्रांत दिसतात त्या थोरल्या, मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. एक बारकावा आहे. मधल्यांच्याच उंचीच्या दोन गटांची फुलं मात्र थोरल्यांबरोबर येतात. उंचीवरून तुमचा अंदाज चुकला, तर झाड त्या गटातलं असू शकतं.

थोरल्या ओसरू लागल्या की सैबेरियन. 'सीझर्स ब्रदर' ही गडद जांभळी सैबेरियन १९३० च्या दशकातली, अजून बागोबागी दिसते. शेवटी जपानी आयरिस, जूनच्या उत्तरार्धात. फूल चपटं, ताटलीसारखं, पाण्याची हौस भारी.

या तारखा माझ्या अंगणातल्या. दक्षिणेला व्हर्जिनियातल्या बहिणीकडे थोरल्या माझ्या आधी संपतात, आणि उत्तरेकडच्या मेन राज्यात जूनमध्ये कुठे सुरुवात होते.

तारीख लिहिली की झालं. रोजचं हवामान कशाला लिहायचं?

पहिली दोन वर्षं मीही फक्त तारखाच लिहिल्या. त्यात २०१२ आलं. त्या वर्षीचा मार्च अमेरिकेच्या आजवरच्या नोंदींतल्या अतिशय उबदार मार्चांपैकी एक होता. माझ्या वहीतलं सर्वांत लवकर फुललेलं वर्ष अजूनही तेच आहे. पण तेव्हा माझ्यापाशी दोन सुट्या तारखा होत्या, एक आदल्या वर्षीची आणि एक या वर्षीची, आणि दोन्हींमध्ये फरक का पडला हे सांगणारं एक अक्षरही नव्हतं.

झाडाला कॅलेंडर कळत नाही. वसंतात रोज थोडी थोडी ऊब मिळते, ती झाडात साठत जाते म्हणा ना, आणि ठरावीक साठा झाला की कळी उमलते. ऊब भराभर मिळाली तर साठा लवकर भरतो, एप्रिल गारठला तर रेंगाळतो. त्यामुळे 'थोरली आयरिस २० मेला फुलते' हे वाक्य अर्धंच आहे. 'इतकी ऊब जमल्यावर फुलते' हे वाक्य दर वर्षी बरंच जवळ जातं.

आपल्या शेतकऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. रोहिणी कशा गेल्या, मृग कोरडा गेला का, पावशा कधीपासून ओरडतोय, बहावा कधी फुलला, या सगळ्यावर नजर ठेवूनच पेरणीचा विचार होत आला. बहावा फुलल्यापासून ४५ दिवसांनी पाऊस येतो असा एक समज आहे. तो दर वर्षी खरा ठरतो असं मी म्हणत नाही, पण एक घटना दुसरीशेजारी ठेवून पाहायची सवय त्यात आहे, आणि वहीला तीच सवय लागते.

ऊब मोजायची कशी? गणित अवघड आहे का?

बेरीज-वजाबाकी येत असेल तर जमेल. दिवसाचं कमाल आणि किमान तापमान मिळवा, दोनाने भागा. त्यातून एक पायाभूत आकडा वजा करा. उरेल ती त्या दिवसाची ऊब. उत्तर शून्याखाली गेलं तर शून्यच धरायचं, कारण गारठ्याने आधी जमलेली ऊब परत जात नाही.

समजा कमाल ६६, किमान ४४. सरासरी ५५. पाया ४० धरला तर त्या दिवशी १५ अंश जमा. दुसऱ्या दिवशी कमाल ४४ आणि किमान २८ असेल तर सरासरी ३६, म्हणजे जमा शून्य. १ जानेवारीपासून अशी रोजची बेरीज पुढे नेत राहायची.

पाया किती धरायचा यावर मतं वेगळी आहेत. मका आणि इतर उन्हाळी पिकांसाठी ५० वापरतात. आयरिसची पात त्याहून गार हवेत हलायला लागते, म्हणून मी ४० वापरते. तुम्ही कोणताही धरा, पण मध्येच बदलू नका. बदललात तर जुनी सगळी वर्षं नव्याने मोजावी लागतील.

रोज मोजायचा कंटाळा येत असेल तर कमाल-किमान तेवढं लिहून ठेवा. बेरीज हिवाळ्यात बसून एक्सेलमध्ये करता येते. राहून गेलेलं तापमान मात्र नंतर आठवत नाही.

'पहिलं फूल' नक्की कशाला म्हणायचं?

हे आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. कळीला रंग दिसला की पहिलं फूल म्हणणारे लोक आहेत, पूर्ण उमलल्यावर म्हणणारेही आहेत. दोघांच्या तारखांत दोन-तीन दिवसांचा फरक सहज पडतो. आपणच एका वर्षी असं आणि दुसऱ्या वर्षी तसं केलं तर नोंद वायाच गेली.

मी पाच टप्पे टिपते. पहिला डोळ्यांनी नव्हे, बोटांनी कळतो. पानांच्या पंख्याचा बुंधा चिमटीत धरून हळूच वर सरकायचं. नुसती पानं असतील तर चिमूट सपाट राहते. आत दांडा तयार होत असेल तर मध्ये पेन्सिलीसारखं टणक काहीतरी लागतं. ते पहिल्यांदा लागतं तो दिवस लिहायचा. मग दांडा पानांबाहेर दिसला तो दिवस. मग कळीच्या कागदासारख्या वेष्टनातून रंग डोकावला तो दिवस. आदल्या संध्याकाळी कळी घट्ट गुंडाळलेल्या छत्रीसारखी पिळदार दिसते, सकाळी पीळ सुटतो आणि खालच्या तीन पाकळ्या एकेक करून खाली झुकतात. तिन्ही खाली आल्या की माझं 'पहिलं फूल'. शेवटचा टप्पा म्हणजे त्या झुडपाचं शेवटचं फूल मिटलं तो दिवस.

एक फूल साधारण तीन दिवस टिकतं, पण दांड्यावर सात-आठ कळ्या असल्या तर झुडूप दोन आठवडे तरी बघण्यासारखं राहतं.

वहीतलं एक पान दाखवाल का?

हे घ्या, जसंच्या तसं, मेमधल्या एका पानावरून:

'१२ मे. कमाल ५४, किमान ४५. काल रात्रीपासून पाऊस, मापकात पाऊण इंच. वारा नाही. कुंपणालगतच्या जांभळीचं (क्र. ७) पहिलं फूल, पण भिजून एका बाजूला कललंय. क्र. ११ ला रंग दिसतोय. क्र. ४ चा दांडा अजून आतच. लायलॅक ओसरतोय, वास अंगणभर. खालच्या वाफ्यात पाणी साचलंय, उद्या चर काढायचा.'

यात 'क्र. ४ चा दांडा अजून आतच' ही ओळ मला फार मोलाची वाटते. जे झालं ते सगळेच लिहितात, पण 'आज पाहिलं आणि अजून झालेलं नाही' हे फारसं कुणी लिहीत नाही. तुम्ही ८ तारखेला पाहिलं तेव्हा फूल नव्हतं आणि १४ ला पाहिलं तेव्हा होतं, एवढं लिहिलेलं असेल तर फूल कधी आलं असेल ते निदान सहा दिवसांत बांधता येतं. नुसतं १४ लिहिलेलं असेल तर काहीच सांगता येत नाही.

आयरिसबरोबर एक-दोन सोबतीही टिपा. मी फोरसिथिया आणि लायलॅक ही वसंतात फुलणारी दोन झुडपं टिपते. दोन्ही शेजारीपाजारी असतातच. चार-पाच वर्षांनी कळतं की लायलॅक भरात आल्यापासून किती दिवसांनी तुमची पहिली थोरली उमलते.

फोनवर तापमान दिसतंच. वेगळा थर्मामीटर कशाला?

फोनवर दिसतं ते बहुतेकदा जवळच्या विमानतळाचं किंवा संगणकाने काढलेलं तापमान असतं. निरभ्र, शांत रात्री थंड हवा पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. माझ्या वरच्या आणि खालच्या वाफ्यांमध्ये पन्नास पावलांचं अंतर आहे, तरी अशा रात्रीनंतर खालच्या वाफ्यावर पांढरी खर (गोठलेलं दव, म्हणजेच फ्रॉस्ट) दिसते आणि वरच्यावर नुसतं दव. तिथली आयरिसही मागे राहते. याउलट दक्षिणेकडच्या विटांच्या भिंतीला टेकून लावलेलं झुडूप सगळ्यांच्या पुढे. म्हणून प्रत्येक झुडपाची जागा वहीत हवी.

कमाल-किमान लक्षात ठेवणारा साधा थर्मामीटर घ्या. जमिनीपासून सुमारे पाच फूट उंच, सावलीत, वारा खेळेल असा टांगा. भिंतीला चिकटवू नका. मी थर्मामीटर टांगला त्या पहिल्या वर्षी तो कपडे वाळवायच्या यंत्राच्या झडपेपासून हातभर अंतरावर होता. रात्री उशिरा कपडे लावले की किमान तापमान चढलेलं दिसायचं. ते पूर्ण वर्ष मला उष्णतेच्या हिशोबातून वगळावं लागलं.

स्वतःचं यंत्र नको असेल तर रटगर्स विद्यापीठ न्यू जर्सीत हवामान केंद्रांचं जाळं चालवतं, त्यातलं सर्वांत जवळचं केंद्र निवडा आणि दर वर्षी तेच वापरा.

पाऊस मोजायची गरज आहे का?

हो. पावसाने फुलण्याची तारीख फारशी हलत नाही, पण फुलं किती टिकली आणि कंद कुजला का, हे पावसावरून कळतं. भर फुलोऱ्यात इंचभर पाऊस आला तर थोरल्यांची वरची पाकळी पाणी धरते आणि दांडाच आडवा होतो. तापमान ९० च्या वर गेलं तरी फूल दुपारपर्यंत मलूल. सरळ नळीचं मापक घ्या, रोज सकाळी ठरल्या वेळी बघा आणि रिकामं करा. तुमचे आकडे इतरांच्या कामी यावेत असं वाटत असेल तर 'कोकोराझ' नावाचं स्वयंसेवकांचं जाळं आहे. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्समध्ये १९९७ ला मोठा पूर आला. शहराच्या एका भागात किती कोसळलं आणि दुसऱ्या भागात किती, यातला फरक मोठा होता. त्या अनुभवातून १९९८ मध्ये ते सुरू झालं.

मार्चमध्येच ऊन पडलंय. फुलं नक्की लवकर येणार ना?

घाई करू नका. २०१८ चं उदाहरण देते. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पारा ७८ वर गेला होता. माझ्या रेटिक्युलाटा भराभर वर आल्या. मग मार्चमध्ये तीन आठवड्यांत ईशान्येकडून चार वादळं लागोपाठ आली आणि सगळं जागच्या जागी थांबलं. थोरल्यांना त्या फेब्रुवारीचा काहीही फायदा झाला नाही.

लवकर फुलणाऱ्या जातींना एखादा गरम आठवडा पुष्कळ पुढे ढकलतो, कारण त्यांचा साठा लहान. उशिरा फुलणाऱ्यांसाठी एप्रिल आणि मेचा पहिला आठवडा कसा जातो हे जास्त महत्त्वाचं. म्हणून मी पहिल्या थोरल्या आयरिसचा अंदाज २५ एप्रिलच्या आधी कुणालाच सांगत नाही.

मेमध्ये फ्रॉस्ट आला तर काय करायचं?

९ मे २०२० ची पहाट मी विसरणार नाही. त्या दिवशी सेंट्रल पार्कमध्येही हिमकणांची नोंद झाली. माझ्याकडे मधल्या आयरिस फुललेल्या होत्या आणि थोरल्यांचे दांडे पानांबाहेर आले होते. आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या चादरी बाहेर काढल्या, त्या पुरेनात, तेव्हा आईची जुनी सुती लुगडी काढली. खालच्या वाफ्यात बांबू रोवून त्यावर लुगडी अंथरली, काठ दगडांनी दाबले. सकाळी त्या काठांवर बर्फाची पातळ पापडी होती आणि आतले दांडे शाबूत. कुंपणालगतचा एक कोपरा कापडावाचून राहिला होता, तिथल्या चार दांड्यांची टोकं आठवड्याभरात मऊ पडली आणि काळपटली.

कापड वापरा, प्लास्टिक नको. प्लास्टिक पानाला टेकलं की तिथे पान गोठतं. कापड जमिनीपर्यंत यायला हवं, कारण ऊब जमिनीतूनच वर येते. ऊन चढल्यावर लगेच काढा. पाच फुटांवर ३६ अंश दिसत असले तरी निरभ्र रात्री जमिनीलगत गोठू शकतं, तेव्हा थर्मामीटर ३२ च्या वर आहे म्हणून निर्धास्त झोपू नका.

मेचा मध्य ओलांडला की भीती संपली, असंही नाही. १८ मे २०२३ च्या पहाटे न्यूयॉर्क राज्यातल्या द्राक्षमळ्यांचं मोठं नुकसान झालं होतं.

या वर्षी माझ्याकडे फुलंच आली नाहीत. हवामानामुळे असेल का?

असेलही, पण आधी इतर कारणं तपासा. कंद खोल पुरलाय का? त्याची पाठ उन्हाला दिसली पाहिजे, बदक पाण्यावर तरंगतं तशी. दिवसातून सहा तास तरी ऊन मिळतं का? चार-पाच वर्षांत गड्डे वेगळे केले नसतील तर दाटीने फुलणं बंद होतं. लॉनला घालतात ते नत्रयुक्त खत वाफ्यात गेलं तर पात रसरशीत आणि फुलं शून्य. शिवाय एका पंख्याला एकदाच फूल येतं. पुढच्या वर्षी फुलतात ती त्याच्या बाजूला फुटलेली पिल्लं, आणि पिल्लं लहान असतील तर ते एक वर्ष रिकामं जातं.

हवामानाचा घाव ओळखायला वही लागते. बोटांना दांडा लागला होता अशी नोंद आहे, त्यानंतर एखादी गोठलेली रात्र आहे आणि मग पुढे काहीच नाही, तर दांडा आतल्या आत मेला. दांडा लागल्याची नोंदच नसेल तर कारण जमिनीत किंवा सावलीत शोधा.

आणि पातीवर टाचणीएवढी भोकं, पाणचट रेघा दिसल्या तर ती बोअररची अळी. तिची अंडी जुन्या वाळक्या पानांवर हिवाळा काढतात आणि एप्रिल-मेमध्ये, पात पाच-सहा इंचांची झाली की, अळ्या बाहेर पडतात. पातीतून पोखरत कंदात शिरतात, मागोमाग घाण वासाची कूज येते. शरदात वाळकी पानं काढून टाकणं हा सर्वांत स्वस्त उपाय. आमच्याकडे पातीची उंचीसुद्धा वहीत येते ती यासाठीच.

पाहुण्यांना कोणती तारीख द्यावी?

पहिल्या थोरल्या फुलाची नाही! पहिलं फूल आलं तेव्हा बाग जवळजवळ हिरवीच असते. त्यानंतर साधारण आठवड्याभराने भर येतो. बहुतेक झुडपांवर निदान एक फूल उघडं असलं की मी 'भर' लिहिते. पाच-सहा वर्षांची वही असेल तर आठ-दहा दिवस आधी तीन-चार दिवसांचा टप्पा सांगता येतो. नेमका वार सांगायचा आग्रह धरू नका, एका गरम दुपारने तो चुकतो.

माझी बाग चुकली तर न्यू जर्सीतल्याच माँटक्लेअरची प्रेस्बी आयरिस बाग बघा. फ्रँक प्रेस्बी हे तिथले रहिवासी, १९२० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांच्या स्मरणार्थ १९२७ मध्ये ही बाग झाली. टेकडीच्या पायथ्याशी वळणावळणाचे वाफे आणि त्यांत हजारो झाडं. मेच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत तिथे गर्दी असते. सकाळी लवकर जा.

माझ्या आयरिसचं नाव माहीत नाही. मग नोंद कशी करू?

क्रमांक द्या. नाव नंतर मिळालं तर लिहा, नाही मिळालं तर क्रमांकावर काहीही अडत नाही. नाव असलं तरी त्यावर पूर्ण भरवसा नको. एका रोपवाटिकेकडून मी फिकट गुलाबी म्हणून मागवलेली आयरिस तिसऱ्या वर्षी गर्द तांबूस निघाली. नावावर नोंद केली असती तर तीन वर्षांचं पान भलत्याच जातीच्या नावे गेलं असतं. खुणेच्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहा, मार्करची शाई उन्हात दोन वर्षांत उडते.

फोटो काढले तर वही लागेल का?

फोटो उत्तम, कारण त्यात तारीख आपोआप येते. पण तो स्वतःच्या फोनमधला मूळ फोटो असावा. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या फोटोतली काढल्याची तारीख निघून गेलेली असते. एकाच जागी उभं राहून, एकाच दिशेने काढा. वासाची, वाऱ्याची, 'अजून आतच' असलेल्या दांड्याची नोंद मात्र हातानेच करावी लागते.

लीप वर्षात तारखांचं काय करायचं?

वर्षाचा कितवा दिवस ते लिहा. २० मे हा एरवी १४० वा दिवस, लीप वर्षात १४१ वा. वर्षं शेजारी ठेवून पाहताना याने गोंधळ टळतो.

ऑक्टोबरमध्ये माझी एक आयरिस फुलली. झाड बिघडलं का?

नाही, ती दोनदा फुलणारी असणार. 'इमॉर्टॅलिटी' ही १९८० च्या दशकातली पांढरी जात त्यासाठी प्रसिद्ध आहे. शरदातल्या फुलांसाठी वेगळं पान ठेवा आणि पहिला कडक फ्रॉस्ट कधी पडला ते त्यावर हमखास लिहा. अनेकदा कळी तयार असते आणि थंडी आधी येते. अशी कळी कापून घरात फुलदाणीत ठेवली तर उमलते.

माझ्या एकटीच्या वहीचा दुसऱ्या कुणाला उपयोग आहे का?

आहे. इंग्लंडमधल्या नॉरफकमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने त्या १९५८ पर्यंत चालू ठेवल्या. जपानात क्योतोच्या चेरीच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात. अमेरिकेत लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या कॉनकॉर्ड परिसरातली फुलं टिपली होती. दीडशे वर्षांनी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती टिपणं आजच्या फुलांशेजारी ठेवली, तेव्हा फुलण्याच्या तारखा सरासरी आठवडाभर आधी सरकल्याचं दिसलं. थोरोंना हवामानबदलाचा अभ्यास करायचा नव्हता. ते रोज चालत होते आणि लिहीत होते.

माझ्या चौदा-पंधरा वर्षांच्या आकड्यांवरून मी हवामान बदललं असा दावा करणार नाही. वर्षावर्षांतला चढउतारच इतका असतो की तेवढ्या काळात खरा कल दिसणं कठीण. पण नोंदी एकत्र आल्या की चित्र बदलतं. इथे 'नेचर्स नोटबुक' या उपक्रमात कुणालाही नोंदी देता येतात, लायलॅकपासून सुरुवात करा. भारतात झाडांसाठी 'सीझनवॉच' आहे.

पुण्या-नाशकात ही आयरिस लावता येईल का?

दाढीवाल्या थोरल्या आयरिसला हिवाळ्याची खरी थंडी लागते. ती नसेल तर पात वाढते आणि फूल येत नाही. इथून बॅगेत कंद नेऊ नका, नियमही आडवे येतात आणि झाडही रडतं. तिकडे आफ्रिकन आयरिस म्हणून मिळणारी डायटीस लावा, पांढरी-जांभळी, काटक आणि दिसायला याच घराण्यातली. काश्मीरला गेलात तर जुन्या कबरींवर आयरिस लावलेल्या दिसतील, तिथे ती परंपराच आहे.

पण वही ठेवायला आयरिसच हवी असं कुठे आहे? आंब्याला मोहोर कधी आला, तो धुक्याने गळला का, अंगणातला सोनचाफा कधी सुरू झाला, यांची तारीख आणि शेजारी कमाल-किमान लिहा. पद्धत तीच.

वही वर्षभर चालते की जूनमध्ये मिटायची?

थोड्या नोंदी उन्हाळ्यातही लागतात. फुलं संपल्यावर सहा-एक आठवड्यांनी, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये, गड्डे काढून वेगळे करायचे असतात. कोणता क्रमांक काढला, कुठून कुठे हलवला, किती पिल्लं निघाली आणि कुणाला दिली, ते त्याच दिवशी लिहा. हलवलेलं झुडूप पुढच्या मेमध्ये उशिरा फुललं किंवा फुललंच नाही, तर तो एप्रिलच्या थंडीचा परिणाम नसून कुदळीचा असतो. तेवढी एक ओळ नसेल तर मेमध्ये वहीवर डोकं धरून बसावं लागतं. मी त्या झुडपापुढे लाल पेनाने 'हलवलं' लिहिते आणि पुढचं एक वर्ष ते सरासरीत धरत नाही.